बीपीचं वाण

सुले, तुझं तेरावं व्हायच्या आत या बिल्डिंगने तुला बीपीने मारून टाकलं.

गेलीस तू काविळीने. डोळे पिवळे, नखं पिवळी, पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. भरती केलं तेव्हा तिथल्या सिस्टरने तुझ्या दंडाला पट्टा बांधला, तर त्या ग्लानीतही तू मान वर करून विचारलंस, "किती आलं गं?" बरोबर होतं. अगदी पुस्तकात असतं तसं. तू डोळे मिटलेस आणि मला म्हणालीस, "ऐकलंत ना? याच्यावर आळ घेऊ देऊ नका कुणाला."

आळ आलाच. आणि घेतला कुणी? आपल्या वरच्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी. आपली चूल बंद होती म्हणून त्या स्वतःच पिठलं-भाताचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा माझ्या हातात दिला, डोळ्यांना पदर लावला, आणि दाराबाहेर चपला घालता घालता शेजारणीला म्हणाल्या, "बीपीची बाई बीपीनंच गेली हो. घरात मशीन, रोज गोळ्या, स्वतः सिस्टर. तरी गेलीच ना? मग मोजून उपयोग काय?"

मी पिठलं खाल्लं. खोटं कशाला सांगू, भूक लागली होती आणि पिठलं चांगलं होतं. पण त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ द्या हो." नाही जाऊ देणार. आयुष्यभर तुझ्या 'जाऊ द्या'ला मान दिला, आता देणार नाही.

तुला तरी कुठं जाऊ देता आलं होतं म्हणा. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यांत कुणाचं बोट कापायचं, कुणाच्या पायावर लोखंड पडायचं, ती माणसं तुमच्या दवाखान्यात यायची. तू मलमपट्टी करता करता दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टाही बांधायचीस. डॉक्टर कुरकुरायचे, बोटासाठी आलाय तर बोटाचं बघा. तू ऐकलं नाहीस. संध्याकाळी घरी आलीस की सांगायचीस, आज अमक्याचं वरचं एकशेसत्तर निघालं आणि तो हसत होता. "दुखत नाही ना, म्हणून लोक ठेवून घेतात," असं तू म्हणायचीस. दवाखान्याने मोडीत काढलेलं पाऱ्याचं मशीन तू मागून आणलंस, दुरुस्त केलंस, नव्या मशीनशी ताडून पाहिलंस आणि कपाटात देवाच्या फोटोखालच्या कप्प्यात ठेवलंस. मी म्हटलं, तिथं माझे शर्ट असतात. माझे शर्ट तेव्हापासून खुंटीवर आहेत.

आणि मग तू ते घेऊन वाशीच्या बाजारात आलीस, माझ्या बाजारात. मी कांदा-बटाट्याचा मापाडी. माझा आवाज दोन गाळे पलीकडे जातो आणि माझा काटा खोटं बोलत नाही, या दोन गोष्टींवर माझी नोकरी चालली. गाड्या खाली झाल्या की माथाडी चहा घेत बसतात, तेव्हा तू आलीस, पोत्यांच्या थप्पीशेजारी स्टूल मांडलंस आणि म्हणालीस, "हात पुढं करा." कुणी हलेना. कोरेगावकडचा हणमंत, पाठीवर दोन माणसांचं ओझं सहज नेणारा, तो म्हणाला, "आवो वैनी, त्ये टेन्शनचं मशीन हाय न्हवं? टेन्शन शेटला. आमास्नी कसलं टेन्शन?"

तू म्हणालीस, "नसेल तर चांगलंच आहे. किती नाही ते बघू."

मग घडलं ते आठवलं की अजून मला हसू येतं आणि घामही फुटतो. हणमंतचं वरचं एकशेनव्वद आलं. तू गंभीर झालीस. आणि तो पठ्ठ्या दंड थोपटत उठला, "एकशेनव्वद भरलं! हाय का कुणाचं?" झालं. बाजारच तो. इथं जास्त भरेल तो माल चांगला आणि जास्त उचलेल तो गडी चांगला. धडाधड हात पुढं आले. ज्याचं एकशेवीस आलं तो बिचारा खाली मान घालून बसला, आणि बाकीचे त्याला म्हणाले, "खात न्हाईस व्हय रं काय?" मी ओरडणार होतो, तू मला डोळ्यांनीच दाबलंस. सगळ्यांचं मोजून होऊ दिलंस. मग उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पोत्याचं वजन कमी करा म्हणून तुम्ही भांडता ना? हे पण पोतंच आहे. काळजानं उचललेलं. आणि ते काळीज रात्रीसुद्धा खाली ठेवत नाही." दुसऱ्या आठवड्यात हणमंत आपण होऊन दवाखान्यात गेला, आणि त्याच्या मागून बाकीचे. एकशेवीसवाल्याला मात्र चहा कुणी पाजला नाही. तेवढं राहिलंच.

आपल्या घरातला घोळ तर तू बाजारात कधी सांगितला नाहीस. आपल्याकडे रागीट माणसाला बीपीवाला म्हणतात. त्या हिशेबाने बीपी मला हवं. मी व्यापाऱ्यावर ओरडणार, रिक्षावाल्यावर ओरडणार, बातम्या लागल्या की टीव्हीवर ओरडणार. आणि माझं कायम एकशेवीस-ऐंशी. तू आवाज न चढवणारी, दूध उतू गेलं तरी "गेलं वाटतं" म्हणणारी, आणि गोळ्या तुला. मी म्हणायचो मशीनमध्ये बिघाड आहे. तू म्हणायचीस, "बिघाड मशीनमध्ये नाही, तुम्ही सगळं बाहेर काढता आणि ते मला ऐकावं लागतं." मी म्हणायचो हे वैद्यकशास्त्रात कुठं लिहिलंय? तू म्हणायचीस, नाही लिहिलं, पण संसारात असतं. हे भांडण आपलं मिटलं नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे, की ते तुझ्या माहेरचं आहे. तुझ्या आईला होतं, मामाला होतं. दे आता उत्तर.

बाजार तुला जमला, पण बिल्डिंगमधल्या बायका हाताला लागत नव्हत्या. "मला काही होत नाहीये," "कशाला मोजायचं, मोजलं की निघतं," "ह्यांना विचारून सांगते." तू कंटाळलीस. आणि मग एका संक्रांतीच्या आधी, भाकरी थापता थापता तू थांबलीस. पिठाचे हात तसेच धरून म्हणालीस, "अहो, वाणाला कुणी नको म्हणत नाही ना?"

मला काही कळलं नाही. मग कळलं आणि मी कपाळावर हात मारला. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका प्लास्टिकचे डबे लुटतात, चाळण्या लुटतात, वाट्या लुटतात. तू बीपी लुटणार होतीस! वाण म्हणून दिलेलं परत करायचं नसतं, नाकारायचंही नसतं. एवढ्या एका रिवाजावर तू अख्खी बिल्डिंग पकडलीस.

सोसायटीच्या गच्चीवर सतरंजी, कडेला हळदी-कुंकवाचं तबक, आणि तबकाशेजारी पाऱ्याचं मशीन. सगळ्या बायका काळ्या साड्यांत. पहिली अडचण ब्लाउजची. घट्ट बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, पट्टा बांधायचा कुठं? पुढच्या वर्षापासून तू निरोपच धाडायला लागलीस, सैल बाहीचा घालून या. दुसरी अडचण मोठी. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायला लागतं. हळदी-कुंकवाला! गप्प! मी जिन्यात उभा राहून हसत होतो, आता बघू म्हटलं. तू प्रत्येकीच्या तोंडात तिळाचा लाडू घातलास आणि म्हणालीस, "तिळगूळ घ्या आणि अजिबात बोलू नका. चावायचा नाही, विरघळू द्यायचा." सगळ्या गच्चीवर फक्त पतंगांचा आवाज. आपल्या बिल्डिंगच्या इतिहासात तेवढी शांतता त्याआधी आणि त्यानंतर झालेली नाही.

त्या दिवशी ज्यांना स्वतःचं काही माहीत नव्हतं अशा कितीतरी जणींना माहीत झालं. सावंत वहिनींचंही जास्त निघालं. विसरल्या त्या. मी नाही विसरलो.

पण तुझं समाधान होईना. गच्चीवरून खाली बघत तू म्हणालीस, "ज्यांना खरी गरज, त्या वर आल्याच नाहीत." विधवा बायका. त्यांना हळदी-कुंकवाला कोण बोलावतं? घरात असल्या तर त्या दिवशी आतल्या खोलीत बसतात. पुढल्या वर्षी तू त्यांनाही आमंत्रण देऊन आलीस, आणि आपलं जोरात भांडण झालं. मी म्हटलं, मशीनचा दिवस वेगळा ठेव, कुंकवाचा वेगळा. मिसळलंस तर दोन्ही जातील. तू म्हणालीस, "वेगळा ठेवला तर त्यांना पुन्हा वेगळंच बसवलं ना?" मी म्हटलं, तुझं बरोबर आहे, पण बायका येणार नाहीत. तू म्हणालीस, "न येऊ देत." अर्ध्या बायका आल्या नाहीत. सारसोळे कोळीवाड्यातली हिराबाय मात्र आली.

हिराबाय आपल्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येणारी. नवरा खाडीत बुडून गेलेला, कित्येक वर्षं झाली. गच्चीच्या दारात थबकली आणि तू करंडा घेऊन तिच्याकडे निघालीस, तशी हात उडवून म्हणाली, "मना तुजा कुकू नको गो बाय, मना तं मशीन लाव." तुझा बंडखोर चेहरा एकदम पडला. मी पुन्हा जिन्यात, पुन्हा हसत. तिचं वरचं दोनशेला टेकलेलं होतं. तू तिला स्वतः दवाखान्यात नेलंस, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या तिने रोज घ्याव्यात म्हणून दर आठवड्याला तिच्याशी वाद घातलास. सुकं कमी खा म्हणालीस, तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी सुका बोंबील इकतंय आनी लोकांना सांगू खाव नको? माजा धंदा तू चालवशील?" तेव्हा तू हरलीस. पण गोळ्या ती घेत होती.

आता ऐक. तुझं तेरावं झालं, आपली लेक पुण्याला परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी मला जिन्यात कळलं की हिराबायने गोळ्या सोडल्या.

मी तसाच सारसोळ्याला गेलो. ती दारात जाळ्याची दोरी उसवत बसली होती. मला पाहून उठली सुद्धा नाही. "तू कशाला आलास? तुज्या घरान सुतक होता ना?"

"गोळ्या का सोडल्यास?"

"सुलूबाय गोल्या खाऊन मेली. मी कशाला खाऊ?"

"कावीळ झाली होती तिला!"

"कावील काय नि बीपी काय. मेली ना ती?" आणि तिचा आवाज फाटला. "माजी मानूस मेली ना ती? गोली खाऊन जगली का?"

मी ओरडलो. अख्खी गल्ली गोळा होईल एवढा. काय काय बोललो मला आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटी ती शांतपणे म्हणाली, "पयला तुजा बीपी मोजून ये, जा." मी म्हटलं, माझं बरोबर असतं. कायम. तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तुझ्या वाटणीचं काही चोरलंय.

परत येताना रिक्षात मला पहिल्यांदा तुझा खरा राग आला. का गेलीस? एवढं सगळं उभं केलंस आणि ते तुझ्याच मरणाने पडावं? एका अफवेपायी हिराबाय उद्या झोपेत जाईल, आणि मग म्हणतील तिलाही मशीननेच मारलं. तुझं नाव पुसलं गेलं असतं तर मी रडून गप्प बसलो असतो. पण तुझ्या नावावर माणसं मरणार असतील तर मी मापाडी कसला?

संक्रांत आली. वर्षाच्या आत घरात सण करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सोसायटीची नोटीस लागली, हळदी-कुंकू गच्चीवर, वाण प्लास्टिकची बरणी. मशीनचं नाव नाही. मी गच्ची मागितली नाही. खाली मीटरच्या पेट्यांशेजारी टेबल मांडलं, दोन खुर्च्या, मशीन, तिळाचे लाडू. लाडू मी केले. कडक झाले, पण विरघळायला जास्त वेळ लागतो, ते बरंच. तूच मला मोजायला शिकवलं होतंस, रांग लवकर सरावी म्हणून. कानात नळ्या घातल्या की जगातला सगळा आवाज बंद होतो आणि फक्त समोरच्या माणसाचा ठोका ऐकू येतो, हे तू सांगितलं होतंस. माझ्यासारख्या ओरडणाऱ्या माणसाला हे सुख किती, तुला कल्पना नाही. करंडा मी मांडला नाही. आपल्या त्या भांडणात निदान माझी बाजू मी राखली.

बायका एकेक करून माझ्यासमोरून वर गेल्या. काही खाली बघत, काही वर बघत. सावंत वहिनी थांबल्या. "भाऊ, वर्षाच्या आत सण करत नाहीत हो. तिच्या आत्म्याला..."

"सण नाही वहिनी, वाण आहे. तिचं. घ्या."

"पण तिलाच उपयोग झाला नाही ना त्याचा?"

"वहिनी, ती काविळीनं गेली."

"तुम्ही म्हणता तर तसं," म्हणाल्या आणि वर गेल्या.

बराच वेळ मी एकटा बसलो. वर बायकांचं हसणं चाललेलं. सुले, तेव्हा मला वाटलं, उठावं आणि सगळं आवरून टाकावं. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती, हा कोण हळदी-कुंकवाला बसलेला बाप्या म्हणून. नाही उठलो. हट्ट म्हण.

मग फाटकातून हिराबाय आली. तिच्यामागे सारसोळ्याच्या आणखी चार-पाच. सगळ्यांची कपाळं मोकळी. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, स्वतःच लाडू तोंडात टाकला आणि हात टेबलावर ठेवला. बोलली नाही. मी पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या घातल्या. पारा उतरायला लागला आणि ठोका इतका वर सुरू झाला की मी पुन्हा फुगा दाबून मोजलं. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"जास्ती हाय ना?"

"खूप जास्त आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

तिने स्वतःच दंडाचा पट्टा सोडला. मग म्हणाली, "मी तिच्यावर रागावली व्हती रं. मना सांगितला गोली खा, गोली खा, नि आपुन गेली. म्हनून सोडली."

मला वाटत होतं अफवेने सोडल्या. बिल्डिंगच्या बोलण्याने. मी पंधरा दिवस सावंत वहिनींना शिव्या देत होतो, आणि इथं ही बाई तुझ्यावर रुसून बसली होती, माझ्यासारखीच. मी तिला म्हटलं, "मीपण रागावलोय. पण गोळ्या घे. राग धरायला जिवंत राहावं लागतं." त्यावर ती हसली, रडली, आणि मागच्या बाईला म्हणाली, "बस गो तू. बोलू नको, लाडू खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तेव्हापासून दर बुधवारी मी मशीन घेऊन खाली मीटरच्या पेट्यांशेजारी बसतो. आज बुधवार, आणि आज जे झालं ते तुला सांगायला बसलो. सकाळी हिराबाय टोपली घेऊन बिल्डिंगमध्ये आली. मी दार लोटून चहा पीत होतो. वरच्या मजल्यावर सावंत वहिनींचा आवाज आला, "पापलेट आहे का गं ताजी?"

"हाय. देन तुना. पन पयला बोल, सुलूबाय कशान गेली?"

वहिनी काहीतरी पुटपुटल्या.

"आयकू नाय आला."

"अगो बाय, मासळी दे आधी."

"मासली टोपलीन हाय, पलून नाय जानार. कशान गेली?"

जिन्यातली दारं उघडल्याचे आवाज आले, एक, मग दुसरं. सगळी बिल्डिंग ऐकत होती. आणि मग सावंत वहिनींचा आवाज, आधी बारीक आणि मग चिडून, अगदी माझ्यासारखा चढलेला, "काविळीनं गो! काविळीनं गेली सुलू! झालं?"

"झाला," हिराबाय म्हणाली. "आता हात दावाला खाली जा."

मी दाराआड उभा होतो. तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडलो, सुले. मग तोंड धुतलं, मशीन उचललं आणि खाली जाऊन बसलो.